ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे? मग आधी जंत्री उघडा

"मला ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारा बहुतेक वेळा पहिलं प्रकरण लिहूनच आलेला असतो. त्यात घोड्यांच्या टापा असतात, उडालेला धुरळा असतो, तलवारींचा खणखणाट असतो. इथवर सगळं ठीक चालतं. तिसऱ्या प्रकरणात पात्रं जेवायला बसतात, ताटात काय वाढायचं ते लेखकाला ठाऊक नसतं, आणि गाडी तिथेच अडते.

अशा अडलेल्या आणि अडण्याच्या बेतात असलेल्या मंडळींसाठी हा लेख आहे. उदाहरणं मराठ्यांच्या सतराव्या-अठराव्या शतकातली घेते, कारण माझा वावर तिथला. काळ दुसरा असला तरी क्रम फारसा बदलत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: कादंबरीकाराने बखरीआधी हिशेबाचे कागद वाचावेत, आणि नायकाच्या पराक्रमाआधी त्याचा पंधरवडा नीट समजून घ्यावा.

आधी एवढं जमवा

- तुमच्या काळाची जंत्री. शक, हिजरी आणि इसवी तारखा एकाशेजारी एक असलेली. छापील मिळाली तर उत्तम. तारखा बदलून देणारी साधनं इंटरनेटवर आहेत, पण ती एकदा छापीलशी पडताळून घ्या.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच वर्षांत गोळा केलेले शब्द आहेत, त्यामुळे त्या काळची बोली इथे जिवंत सापडते. इंटरनेटवर फुकट आहे.
- माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश.
- तुमच्या मुलखाचे सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे.
- ओळखपत्र, त्याच्या चार-पाच छायाप्रती, फोटो, आणि काय शोधताय ते लिहिलेला अर्ज.
- शिसपेन्सिली, भिंग, नाकाला बांधायला फडकं.
- एक जाड, उभ्या रकान्यांचं रजिस्टर. त्याबद्दल पुढे.

पायरी १ : पराक्रम नको, पंधरवडा घ्या

नवख्याचा पहिला मोह असतो तो संपूर्ण चरित्राचा. जन्म, बालपण, मोहिमा, मृत्यू. साठ वर्षांचा पट उभा करायला साठ वर्षांचं वाचन लागतं, आणि वाचन संपेपर्यंत लिहिण्याची उमेद संपते. त्यापेक्षा काळाची एक फाक कापा. दहा दिवस, एक पावसाळा, एक वेढा.

एक उदाहरण या लेखभर चालवू. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले होते. २७ डिसेंबरला पैठणला त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. पराभवाची बातमी त्यांना २४ जानेवारीला भिलशाला, म्हणजे आजच्या विदिशाला कळली, तीही मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेल्या एका सावकारी पत्रातून, असं इतिहासकार सांगतात. २३ जूनला पर्वतीवर ते वारले.

या सगळ्यातून तुम्ही कुणाला उचलाल? भाऊसाहेबांवर भरपूर लिहून झालं आहे. पण ते पत्र आणणारा कोण होता? पानिपत ते भिलसा सरळ रेषेतच साडेसहाशे किलोमीटर, वाटेने आठशेच्या आसपास. दहा दिवसांत म्हणजे दिवसाला ऐंशी किलोमीटर. एकट्या पायी माणसाला हे जमणारं नाही. म्हणजे मध्ये माणसं बदलली, किंवा सांडणी होती, किंवा दोन्ही. एवढा हिशेब मांडला की कादंबरीतली तीन-चार माणसं आपोआप उभी राहतात: पहिला जासूद (म्हणजे पत्रं पोचवणारा), वाटेतला सांडणीस्वार, त्याला रात्री दार उघडणारा एखादा गुमास्ता. त्यांची नावं इतिहासात नाहीत, म्हणून ती तुम्ही ठेवू शकता. ऐतिहासिक कादंबरीत लेखकाला खरी मोकळीक मिळते ती अशाच जागी.

पायरी २ : काय आधी वाचायचं, काय मागाहून

एकाच घटनेचे कागद वेगवेगळ्या वजनाचे असतात. पानिपतचंच घ्या. लढाईच्या आधीच्या दिवसांत छावणीतून आणि आसपासहून गेलेली पत्रं हा पहिल्या दर्जाचा ऐवज. राजवाड्यांनी १८९८ साली छापलेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड अशाच पत्रांचा आहे. पेशवे दफ्तरातून सरदेसाईंनी निवडून काढलेल्या ४५ खंडांपैकी दुसराही पानिपत प्रकरणाचा. नाना फडणीस त्या लढाईत होते, अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांनी स्वतःच्या सुटकेची हकीकत लिहून ठेवली आहे. ती छोटी आहे आणि तिच्यातली भीती खरी आहे. काशिराज पंडित अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या बाजूने पाहत होता; पण त्याने फारसीत लिहिलं ते सुमारे वीस वर्षांनी. त्यानंतर बखर.

बखर टाकाऊ नाही. मात्र ती पुरावा म्हणून वाचू नका, लोकांनी घटना कशी लक्षात ठेवली ते कळावं म्हणून वाचा. सभासदाची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर पंधरा-सतरा वर्षांत जिंजीला लिहिली गेली, चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकात. दोन्हींना एका तागडीत घालू नये. तानाजीची घोरपड पोवाड्यातून आली आहे, आणि 'सिंहगड' हे नाव तानाजी पडण्याच्या आधीच्या कागदातही सापडतं. तुम्ही घोरपड ठेवा की काढा, तो तुमचा प्रश्न, पण ती कुठून आली ते तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

आणि एक पथ्य. तुमच्याच विषयावरच्या दुसऱ्या कादंबऱ्या लिहिण्याच्या काळात बंद. दुसऱ्या लेखकाने कल्पनेतून घातलेला प्रसंग तुम्हाला इतिहास वाटायला लागतो आणि तो तुमच्या पुस्तकात खरा म्हणून शिरतो. मराठीत अशी कितीतरी 'ऐतिहासिक' वाक्यं एका कादंबरीतून दुसरीत, तिथून नाटकात आणि शेवटी भाषणात गेली आहेत.

ज्यांना वाचायचा कंटाळा येतो असे कागद म्हणजे ताळेबंद, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खर्चाच्या याद्या. माझा जीव त्यांच्यावर. एखाद्या लग्नाच्या यादीत तूप किती, गूळ किती, पत्रावळी किती, कुणाला पागोटं आणि कुणाला नुसतं उपरणं, हे लिहिलेलं असतं. कुणाचा मान किती, हे बखरकार दोन पानं खर्चून सांगतो ते इथे एका ओळीत दिसतं.

बायकांबद्दल कागद कमी बोलतात, ही तक्रार खरी आहे. तरी गोपिकाबाईंनी सवाई माधवरावांना लिहिलेलं उपदेशाचं पत्र वाचा. नातवाने कधी उठावं, कसं वागावं, इथवर बारकाई आहे. बाकीचं जात्यावरच्या ओव्यांतून आणि खर्चाच्या नोंदींतून जुळवावं लागतं.

पायरी ३ : दफ्तरखान्यात पहिल्यांदा जाताना

पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ ही पहिली दोन ठिकाणं. मंडळ १९१० सालचं. याशिवाय मुंबईला काळ्या घोड्याजवळचं पुराभिलेखागार, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, कोल्हापूरचं दफ्तर. गोव्याशी संबंध असेल तर पणजीचं पुराभिलेखागार, तिथे पोर्तुगीज कागद. तंजावरच्या भोसल्यांवर लिहायचं तर सरस्वती महाल ग्रंथालयाला पर्याय नाही. तिकडे मोडीचे गठ्ठे आहेत, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास आहे, १८०३ सालचा. लंडनच्या आसपास राहणाऱ्यांनी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद पाहावेत. सुरत आणि मुंबईच्या वखारींचा पत्रव्यवहार तिथे आहे.

छापील साधनं संपल्याशिवाय दफ्तरात जाऊ नका. नवख्याची इथे हमखास फसगत होते. "पेशवाईबद्दल काहीतरी पाहायचंय" असं म्हणून गेलात तर समोरचा माणूस तरी काय काढून देणार? कागद रुमालात बांधलेले असतात आणि रुमाल हजारोंनी आहेत. अर्जात प्रांत, साल आणि विषय लिहा: 'प्रांत माळवा, सन ११६१, डाक व जासूद खर्च' असं. तिथल्या जुन्या सेवकांशी सलोखा ठेवा. कुठल्या रुमालात काय आहे हे यादीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

जाण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्ट्या विचारा. फोटो काढायची परवानगी, नकलांची फी, एका दिवशी किती रुमाल मिळतात, हे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात आणि बदलतात. शाईचं पेन बाहेर काढू नका. कागद पालथा करताना दोन्ही हात वापरा, बोट थुंकीने ओलं करू नका. उगीच सांगत नाही, तसं करणारे पाहिले आहेत.

पायरी ४ : मोडी शिकायची का?

शिका, पण मोडी येईपर्यंत कादंबरी अडवून धरू नका. छापील देवनागरी साधनं इतकी आहेत की पहिल्या पुस्तकाला पुरून उरतात.

पुराभिलेख खातं आणि अनेक संस्था मोडीचे वर्ग घेतात. मुळाक्षरं थोड्याच दिवसांत येतात. अडचण पुढे असते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातो. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे शब्द आधी ओळखावा लागतो आणि अक्षरं मग वाचता येतात. 'राजश्रियाविराजित', 'मोर्तब सुद', 'बहुत काय लिहिणे' असे ठरीव मायने पाठ करा. पत्राचा पहिला आणि शेवटचा भाग मग आपोआप सुटतो आणि मजकुराला वेळ देता येतो.

पत्राच्या पाठीवर किंवा माथ्यावर 'पै॥' दिसलं तर थांबा. ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांतलं अंतर म्हणजे त्या वाटेवर त्या ऋतूत जासुदाला लागलेले दिवस. अशा दहा-वीस नोंदी जमल्या की तुमची पात्रं किती वेगाने प्रवास करतील हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

पायरी ५ : तारखा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' दिसलं की घाबरायचं नाही. अरबी आकडे एककापासून चढत जातात: इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाला सुहूर सन ११६१. हा सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंत. पानिपत याच सनातलं. शालिवाहन शकात ७८, आणि जानेवारी ते फाल्गुन ७९. फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१. तारखेच्या आकड्याआधी 'छ' असेल तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस, आणि तो दिवस संध्याकाळी सुरू होतो.

आता सापळे.

पहिला इंग्रजांचा. त्यांनी १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालवलं, पोर्तुगिजांनी १५८२ लाच नवं घेतलं. सतराव्या शतकात एकाच दिवशी मुंबईहून आणि गोव्याहून निघालेल्या पत्रांवर दहा दिवसांच्या फरकाने तारखा असतात, १७०० नंतर अकरा. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या कॅलेंडरची तारीख. नव्याने ती १६ जून होते. तिथी दोन्हीकडे एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६. शिवाय त्या इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रावर साल मागचं दिसतं.

दुसरा उत्तरेचा. आपला महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. उत्तरेतल्या पत्रातलं 'माघ वदी' म्हणजे आपलं पौष वद्य. आपला जासूद नेमका याच पंधरवड्यात वाटेवर आहे. पौर्णिमा झाली की तो स्वतःशी पौष मोजतोय आणि धर्मशाळेतला माणूस माघ म्हणतोय. एवढ्याशा गोष्टीतून परमुलूख दाखवता येतो.

तिसरा संक्रांतीचा. '१४ जानेवारी, ऐन संक्रांतीला पानिपतावर संक्रांत कोसळली' हे वाक्य ऐकायला झोकदार आहे आणि चुकीचं आहे. संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या मानाने मोजलेल्या, सूर्याची; इंग्रजी तारखेच्या मानाने ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती तीन-चार दिवस अगोदरच होऊन गेली होती. त्या दिवशी तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, वार बुधवार.

तिथी लागली की चंद्र मिळतो, आणि कादंबरीकाराला तो फुकट मिळालेला दिवा आहे. पौष शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळलेला. म्हणजे रणातून पळणाऱ्यांना अर्धी रात्र उजेड होता. तो पळून जाणाऱ्याला जितका उपयोगी, तितकाच पाठलाग करणाऱ्याला. तिथून पुढे रोज उजेड वाढत गेला, २० जानेवारीच्या आसपास पौर्णिमा, आणि भिलशाला बातमी पोचली तेव्हा वद्य तृतीया-चतुर्थी. आपल्या जासुदाला जवळजवळ सगळ्या वाटेवर चांदणं मिळालं. काळ्याकुट्ट रात्री ठेचाळत धावणारा जासूद लिहिलात तर तो चुकला. उलट सिंहगडची रात्र माघ वद्य नवमीची. त्या तिथीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. पन्हाळ्याहून सुटका आषाढी पौर्णिमेच्या सुमाराची, पण वर आषाढाचं आभाळ. तिथी आणि ऋतू दोन्ही मांडल्याशिवाय रात्र लिहू नका.

रजिस्टर यासाठीच. रकाने असे: तिथी, इसवी तारीख, वार, चंद्र केव्हा उगवतो-मावळतो, कोणतं पात्र कुठे, आधार कोणता. शेवटच्या रकान्यात ग्रंथाचं नाव, खंड आणि लेखांक तिथल्या तिथे लिहा. "नंतर लिहू" म्हटलेला लेखांक पुन्हा सापडत नाही.

पायरी ६ : ताट, दिवा, झाड

उपासाला साबुदाण्याची खिचडी खाणारी जिजाऊ कुठे वाचलीत तर पुस्तक बाजूला ठेवा. आज आपण ज्या कंदाचा साबुदाणा खातो तो दक्षिण अमेरिकेचा. दाणे तिकडचे, मिरची तिकडची, बटाटाही तिकडचाच. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली म्हणून ती वादाची; बाकीचे आपल्या घरोघरी रुळले ते फार पुढे. टोमॅटो आणि चहा तर सोडूनच द्या. आपल्या जासुदाच्या पडशीत फुटाणे, गूळ, सातूचं पीठ असेल. शेंगदाणे नकोत.

दिवा लावताना काडेपेटी नको. घर्षणाची काडी एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी चकमक, किंवा शेजारून आणलेला विस्तव. रॉकेलची चिमणी आणि कंदीलही त्याच शतकातले, तेही उत्तरार्धातले. समई, पणती, मशाल, टेंभा यांवर भागवा. तेल कशाचं ते प्रांतावर ठरतं: करंज, तीळ, एरंड. वेळ सांगताना मिनिट-सेकंद टाळा. घटका २४ मिनिटांची, दिवसरात्रीच्या साठ घटका, प्रहर तीन तासांचा. अंतर कोसात, धान्य शेर-पायली-मणात. आणि ही मापं गावोगाव वेगळी होती, म्हणून 'इतके किलो' असा हिशेब कादंबरीत मांडू नका.

झाडांवर माझा विशेष राग आहे. गुलमोहर मादागास्करचा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला. त्याच्या सावलीत बाजीराव-मस्तानी बसू शकत नाहीत. निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प, सगळे नंतरचे. किल्ल्यांच्या उतारावर माजलेली घाणेरीही परदेशी. बरं, देशी झाड घेतलं तरी ऋतू बघा. माळव्यात पळस हवाच, पण जानेवारीच्या मध्यात तो अजून फुललेला नसतो.

पायरी ७ : जागेवर जा, पण डोळे चोळून

नकाशावर जे शेजारी दिसतं त्यात कधी एक आख्खी दरी असते. म्हणून चालून या. शक्यतो घटना ज्या महिन्यात घडली त्याच महिन्यात, आणि रोपवेने नव्हे. चढताना धाप कुठे लागते, बोललेलं किती लांब ऐकू जातं, वारा कुठल्या अंगाने येतो, एवढं टिपा. फोटो नंतरही मिळतात.

समोर दिसतं ते सगळं मात्र जुनं नसतं. जावळीच्या खोऱ्यावर लिहिणाऱ्याने तापोळ्याला उभं राहून अथांग पाण्याचं वर्णन करू नये. ते कोयना धरणाचं पाणी, १९६० च्या दशकात भरलेलं. जुनी गावं आणि वाटा त्याच्या तळाशी आहेत. शनिवारवाड्याची तटबंदी आणि दिल्ली दरवाजा दिसतो, आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला. आणि बाजीराव १७२० साली पेशवे झाले तेव्हा तिथे काहीच नव्हतं. पाया १७३० चा, वास्तुशांत १७३२ ची.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून इतिहास विचारू नका, वाटा विचारा. कुठल्या खिंडीतून बैल नेत, पाणी कुठे बारमाही, पावसात कुठला ओढा अडवतो. इतिहास विचारलात तर टीव्हीवर पाहिलेली मालिका ऐकायला मिळते.

पायरी ८ : वाचन थांबवून लिहिणं

अनेकांची कादंबरी वाचनातच संपते. अजून एक खंड, अजून एक रुमाल. हा आळसच असतो, फक्त अंगावर अभ्यासाचा सदरा असतो. माझी रीत सांगते. रजिस्टरमधली घटनांची रांग सलग झाली, म्हणजे तुमच्या पंधरवड्यातल्या प्रत्येक दिवशी मुख्य पात्र कुठे आहे हे कळलं, की लिहायला बसायचं. त्यापुढे जे अडेल तिथे मजकुरात 'शोध' असा शब्द टाकून पुढे जायचं: 'त्याने शोध-नाणं काढून गुमास्त्याच्या हातावर ठेवलं.' खर्डा पुरा झाल्यावर सगळे 'शोध' एकत्र काढायचे. निम्मे प्रसंग तोवर तुम्ही स्वतःच कापलेले असतात, त्यामुळे निम्मा शोध वाचतो.

रोज सकाळी लिहिण्याआधी त्या काळातलं एक पत्र मोठ्याने वाचा. नक्कल करायची नाही, फक्त वाक्याची लय कानात राहू द्यायची. सगळं पुस्तक 'जैसे-तैसे' करून लिहिलंत तर वाचक पाचव्या पानावर पळेल. सरळ मराठी लिहा आणि आजच्या कचेरीतले शब्द तेवढे गाळा. 'दिनांक', 'हुतात्मा' हे विसाव्या शतकातले, ते अठराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी नकोत. १६६० मध्ये कुणी 'छत्रपती' म्हणून हाक मारू शकत नाही, राज्याभिषेकाला चौदा वर्षं अवकाश आहे. आणि पेशव्यांच्या पत्रात कुणी 'हिंदुस्थानात गेले' असं आलं तर ते नर्मदेपलीकडे गेले एवढंच.

जमवलेली माहिती पानावर ओतण्याचा मोह होणार. चकमकीवर तुम्ही आठवडा घालवलात म्हणून वाचकाने पान घालवावं असं नाही. पात्राच्या हाताला ती वस्तू सवयीची आहे; ते तिचं वर्णन करत बसणार नाही, ठिणगी पाडेल आणि पुढे जाईल.

पायरी ९ : छापायला देण्याआधी

खर्डा तीन वेगवेगळ्या माणसांना द्या. एक इतिहास जाणणारा. एक शेती किंवा जनावरं जाणणारा. घोडा, बैल आणि सांडणी यांच्या चुका तोच काढतो. तिसरा असा, की ज्याला या काळातलं काहीच ठाऊक नाही. तिसरा जिथे वाचायचा थांबेल तिथे खूण करून ठेवायला सांगा.

शेवटी लेखकाची टीप जोडा. कोणतं पात्र कल्पित, कोणता प्रसंग पोवाड्यातला, कुठे तारीख पुढेमागे केली, हे दोन पानांत स्पष्ट लिहा. "ही कादंबरी आहे" एवढं एकच वाक्य पुरत नाही. आपल्याकडे ऐतिहासिक व्यक्तींची घराणी आहेत, त्यांना मानणारा समाज आहे, भावना तीव्र आहेत. कायदाही लक्षात ठेवा: मृत व्यक्तीबद्दलचा मजकूर तिची जिवंतपणी बदनामी करणारा ठरला असता आणि तो घरच्यांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तो बदनामी ठरू शकतो. नाजूक प्रसंगाला रजिस्टरमधला आधार हाताशी हवा. आधार नसेल आणि प्रसंग गरजेचा असेल तर ते पात्र कल्पित करा.

दुसऱ्याच्या कवितेच्या ओळी प्रकरणाच्या माथ्यावर घालायची फार हौस असते. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. त्याच्या आतलं असेल तर परवानगी लेखी घ्या. जुने पोवाडे आणि ओव्या मोकळ्या आहेत, पण त्या जमवून छापणाऱ्या संपादकाच्या टिपा मोकळ्या असतीलच असं नाही.

स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका. प्रकाशकाकडे पाठवणार असाल तर सगळा खर्डा एकदम धाडू नका. पाच-सहा ओळींचा गोषवारा, पहिली दोन प्रकरणं आणि लेखकाची टीप पाठवा. संपादकाने तारखेबद्दल शंका काढली तर फोनवर वाद घालत बसू नका, रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो काढून पाठवा.